झिजलेल्या नाण्यांचे काका

जपानात, सेंदाईत काकांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी येशू ख्रिस्ताला हळदकुंकू वाहिलं. देव्हाऱ्याशेजारच्या ताटलीत तांब्याचा एक काळपट, झिजलेला तुकडा होता; मला वाटलं, कुलदैवताचा टाक. बायको डोळे मोठे करत होती, पण मी पुरता भक्तिभावात होतो.

"असू दे," काका म्हणाले. "हजार वर्षं लोकांनी हात लावून लावूनच झिजवलंय त्याला. तुझं एक बोट जास्त."

तो तुकडा म्हणजे जुन्या बायझंटाइन साम्राज्यातलं, ख्रिस्ताची छबी असलेलं नाणं होतं. काका इथल्या विद्यापीठात धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कोरी करकरीत नाणी त्यांना आवडत नसत. "ती तिजोरीत बसून राहिली रे. ही बाजार हिंडली." नाणं समोरून बघितलेलंही त्यांना खपत नसे. खिडकीपाशी नेऊन ते तिरक्या उजेडात धरायला लावत. मग हळूहळू डोक्यामागचं तेजोवलय, त्यातला क्रूस, छातीशी धरलेला ग्रंथ, आशीर्वादाची दोन बोटं वर येत. म्हणजे, काकांना दिसत. मला त्या खाचांत माझी हळदच दिसे.

"पण काका, चेहरा कुठाय?"

"तो सगळ्यांत उंच असतो ना, म्हणून तोच आधी जातो."

पुढे काकूंना विसर पडायला लागला. आधी शेजारणींची नावं गेली, मग वार, आणि शेवटी काका. परक्या पुरुषाच्या हातून त्या घास घेईनात. दिवसेंदिवस वाळत चालल्या.

एका रविवारी आम्ही वरणभात घेऊन गेलो. मदतीला येणाऱ्या जपानी बाई चमचा पुढे करत होत्या; काकूंनी ओठ घट्ट मिटलेले. काका जवळ बसले, तशा त्या अंग चोरून म्हणाल्या, "तुम्ही कोण? आमचे हे येऊ देत, मग जेवेन."

काकांनी वाद घातला नाही. चमचा बाजूला ठेवला आणि ताटलीत हातानं भात कालवायला लागले. आधी अंगठ्यानं खळगा, त्यात तूप, मग चार बोटांनी सावकाश. काकू चेहऱ्याकडे नाही, त्या हाताकडे बघत राहिल्या.

"लिंबू विसरलात," त्या म्हणाल्या. "नेहमीचंच तुमचं." आणि त्यांनी तोंड उघडलं.

रस संपला तरी काका मान खाली घालून लिंबाची फोड पिळतच होते.

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, "उद्यापासून भात तू कालव. म्हातारपणी मला तुझं काहीतरी ओळखू यायला हवं."