मोटारीने भाट्यापर्यंत

एकतीस सालच्या मे महिन्यात मी स्वतः मोटार चालवत रत्नागिरीहून गोव्याला निघालो आणि भाट्याला पोचलो. भाट्ये आमच्या माडीवरून दिसतं. मधे फक्त खाडी आहे.

मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लपवावंसं वाटेल.

गोव्याला जायचं कारण आमच्या हिचा नवस. मी विषमज्वरातून उठलो तर शांतादुर्गेची ओटी भरीन, असं ती बोलली होती. मी उठलो, आणि तेव्हापासून दरवर्षी काही ना काही कारण काढून जाणं पुढे ढकलत होतो. चौथ्या वर्षी तिने विचारणंच सोडलं. तेव्हा मात्र मी घाबरलो.

त्याच सुमारास आमचे स्नेही बापूसाहेब आंबा विकायला मुंबईला निघाले. त्यांची मोटार महिनाभर पडूनच राहणार होती. ती त्यांनी मला खुशाल वापरायला दिली. त्यांच्या ड्रायव्हरने चार दिवस मला सड्यावर नेऊन शिकवलं आणि तो लग्नाला लांज्याला गेला. मोटार मागे घ्यायचं तेवढं शिकायचं राहिलं. सड्यावर त्याची गरजच पडली नव्हती. मैलभर मोकळं कातळ. फेरी मारली की तोंड आपोआप घराकडे.

मग मी नकाशा काढला. जाताना समुद्रकाठाने पावस, जैतापूर, मालवण करत देवीपर्यंत. तिथून पणजी. परतताना सावंतवाडीचं रान, कारण मोटारीत बसल्या बसल्या वाघ बघायची माझी फार इच्छा होती. पणजी आमच्या अण्णाकाकांसाठी होती. गोव्यात द्राक्षांचे मळे असतात आणि तिथली वाइन दम्याला उतार देते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. (काकांना दमा नव्हता. वाइनचं कळल्यापासून ते खोकू लागले.)

बापूसाहेबांनी जाताना बजावलं होतं की हातखंब्याच्या सडकेने जा, समुद्रकाठाला खाड्या आडव्या आहेत. मी नकाशा पुन्हा पाहिला. खाड्या होत्या, निळ्या शाईने मीच काढल्या होत्या. पण वरून तांबड्या शाईने रस्ता इतका ठसठशीत ओढला होता की त्या काही अडवतील असं वाटेना.

निघालो त्या दिवशी सगळी आळी दारात उभी होती. शेजाऱ्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, हिला कुंकू लावलं. अण्णाकाका आधीच मोटारीत जाऊन बसले होते. पंधरा मिनिटांत आम्ही राजिवड्याच्या काठावर आलो आणि रस्ता संपला.

बैलगाड्या पलीकडे न्यायला तिथे दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या ठोकल्या होत्या. तांडेल हसनमामूंनी आधी मोटारीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि म्हणाले, "मास्तर, ओहोटी लागलीय. भरती येईपर्यंत थांबा."

मी म्हटलं, "मामू, भरती-ओहोटी मी बारा वर्षं शिकवतोय."

मामूंनी दोर सोडला. त्यांची मुलं आमच्याच शाळेत होती.

खाडीच्या मधोमध होड्या वाळूत बसल्या. पाणी उतरत गेलं आणि आम्ही वर राहिलो, चार तास. रत्नागिरीसारख्या गावात खाडीच्या मध्यावर मोटार उभी आहे ही बातमी दडून राहणं शक्यच नव्हतं. काठावर माणसं जमली. माझे विद्यार्थी आले. थोड्या वेळाने छत्री घेतलेले हेडमास्तरही दिसले. मी चक्र धरून समोर बघत होतो, जणू अजून चालवतोच आहे. ही मागच्या बाजूला बसून लाडू वाटत होती. पहिला तिने मामूंना दिला. शेजारून माडीची, म्हणजे नारळाच्या दारूची, मडकी भरलेलं एक होडकं कुणी उथळ पाण्यातून ढकलत नेत होतं, ते काकांनी थांबवलं. तासाभरात त्यांचा खोकला गेला.

अखेर पाणी चढलं. मामूंनी विचारलं, "कुठल्या काठाला नेऊ?"

राजिवड्याला परतायचं तर मोटार मागे घ्यावी लागणार होती. मी मान ताठ करून म्हटलं, "भाट्ये."

काठ लागताच फळ्यांवरून जोरात पुढे गेलो. उतरताना नेट लागतो, असं ड्रायव्हरने सांगितलं होतं. नेट इतका लागला की मोटार रस्ता सोडून थेट पुळणीच्या मऊ वाळूत शिरली आणि आसापर्यंत रुतली. गावकऱ्यांनी पुढून ओढून पाहिलं, तशी ती आणखी रुतली. त्यातला एक जाणता म्हणाला, "मास्तर, आता फक्त मागे निघंल. मागे घ्या."

मी उतरून चाकाजवळची वाळू हातांनी उकरू लागलो. ही खाली उतरली, पदर झटकला आणि ओटीचं सामान काढून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही मोटार सांभाळा. देवीला मी जाऊन येते." आणि काकांना घेऊन मामूंच्याच होड्यांतून परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती काकांसह बंदरावरून गोव्याच्या आगबोटीत बसली. परक्याची मोटार वाळूत टाकून मला हलता येत नव्हतं. बोट भाट्यासमोरून दक्षिणेला गेली तेव्हा मी पुळणीवरून रुमाल हलवला. नंतर काकांकडून कळलं की बोटीवरच्या एका बाईने, तो मोटारवाला कोण, असं विचारलं होतं आणि हिने ओळख दाखवली नव्हती.

आठवड्याने नवस फेडून ती परत आली, तेव्हाही मी तिथेच होतो. तिने प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमच्यासाठी बोलले होते. आता फिटलं." मग माझी वाढलेली दाढी बघून हसली, आणि बराच वेळ हसत राहिली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर लग्नाहून आला. त्याने चाकांखाली माडाच्या दोन फळ्या घातल्या आणि मोटार मागे घेतली. एका मिनिटात.

जूनमध्ये शाळा उघडली. हेडमास्तरांनी नवं वेळापत्रक हातात ठेवलं. भूगोल दुसऱ्या कुणाकडे गेला होता आणि माझ्या नावापुढे संस्कृत होतं.

मी म्हटलं, "साहेब, मला संस्कृत येत नाही."

"असू द्या," हेडमास्तर म्हणाले, "मोटार तरी कुठे येत होती?"