कार्ड कपाटात, वांगी विमानात

नाना, गुडघा कसा आहे? अक्का, साखर आटोक्यात ना? मुक्ताईनगरचे आबा, डोळ्याची पट्टी निघाली का?

आम्ही दोघं आज हैदराबादला लेकीकडे आलो. तिला आपल्या भरिताचे डोहाळे लागलेत, म्हणून पिशवीभर वांगी घेतली. जळगावच्या विमानतळावर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, वजन जास्त आहे. काहीतरी काढावं लागेल."

आमचे हे म्हणाले, "साड्या काढ, वांगी राहू दे."

पोरीने विचारलं, "नेहमी जाता ना तुम्ही? नेहमीच्या प्रवाशांना आमची विमान कंपनी कार्ड देते, मिळालं नाही?"

"मिळालंय की. खराब होईल म्हणून पैठणीच्या घडीत ठेवलंय."

ती हसायलाच लागली. "अहो आजी, ते वापरायला असतं. थांबा, तिकिटात कार्डाचा नंबर टाकलेला आहे. तुम्हाला जास्तीचं वजन चालतं."

नंबर जावयांनी टाकला होता. वांगी आली. लेक आत्ता दुसरी भाकरी मागतेय.

मिळालेला मान आपण असा घडी घालून का ठेवतो हो? तुमचंही असंच आहे का? लवकर लिहा, मी फोन हातातच घेऊन बसलेय.