न आलेल्या उंदरासाठी

नेदरलंड्समधल्या आर्नहेम गावात यतीन रिसबूड पोटापाण्यासाठी 'नाही' म्हणतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला याचं वेगळं प्रशिक्षण कशाला लागतं, असं त्याची बायको मृणालिनी विचारते. पण त्याने त्यासाठी इकडे येऊन रीतसर पदवी घेतली आहे.

तो ज्या लहानशा कंपनीत आहे ती पोलादी खोल्या बांधते. इमारतीतल्या खोलीच्या आत आणखी एक खोली. भिंती, छत, जमीन, सगळं पत्र्याचं आणि प्रत्येक सांधा वेल्ड केलेला. बाहेरच्या रेडिओलहरी आत येत नाहीत, आतल्या बाहेर जात नाहीत. मोबाइल घेऊन आत गेलं आणि दार लावलं की तो थोडा वेळ नेटवर्क शोधतो आणि मग माणसासारखाच नाद सोडतो. अशा खोल्या कुणाला हव्या असतात? ज्यांचं बोलणं कुणी ऐकलेलं चालत नाही त्यांना, आणि ज्यांची यंत्रं फार हळवी असतात त्यांना. या वेळचं गिऱ्हाईक वीजक्षेत्रातलं होतं, म्हणजे दोन्हीही.

खोली बांधणं त्या मानाने सोपं. अवघड असतं ते पुढचं, कारण आत माणसं बसणार. माणसांना वीज लागते, हवा लागते, आग लागली तर पाणी लागतं, आणि या देशात कॉफी तर आग न लागताही लागते. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे भिंतीला एक भोक. भोक कुठे पाडायचं, केवढं पाडायचं आणि त्यातून काय न्यायचं, हे यतीन ठरवतो. वास्तुरचनाकाराला एक छोटी खिडकी हवी होती. नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला दारावर घंटी हवी होती, एकच तार आत येईल म्हणाला. नाही. कॉफीच्या यंत्राला नळाचं पाणी हवं होतं. नाही, किटली घेऊन जा. नेदरलंड्समध्ये बैठक घेतल्याशिवाय कुणी कशालाही नाही म्हणत नाही, त्यामुळे यतीनच्या आधी बैठक व्हायची आणि मग यतीन नाही म्हणायचा.

माहितीची ने-आण मात्र अडवता येत नाही. त्यासाठी भिंतीत एक बारीक, लांबट पितळी नळी बसवलेली असते आणि तिच्यातून काचेच्या तंतूंची केबल जाते. नळी दोन्हीकडून उघडी. फुंकर मारली तर वारा पलीकडे जाईल, डोळा लावला तर पलीकडचा माणूस दिसेल. पण रेडिओलहरीला एवढ्या अरुंद बोळातून जाता येत नाही, ती अर्ध्या वाटेत मरते. फक्त त्या नळीतून धातूची एक तार ओवली की लहर तिचं बोट धरून थेट आत येते. म्हणून यतीनचा नियम: काच चालेल, प्लास्टिक चालेल, धातू नाही. हे त्याने नळीच्या डोक्यावर डच भाषेत लिहून चिकटवलं होतं. इथल्या वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडून लोक दुपारभर बसतात. अशा कितीतरी गोलांना त्याने हे समजावून सांगितलं होतं. त्यातल्या काहींनी त्याला पुन्हा बोलावलंही होतं.

यतीनचा करार वर्षाचा होता आणि वर्ष संपत आलं होतं. कायमचा करार द्यायचा की नाही हे त्याचा मालक डाउवे ही खोली गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिल्यावर सांगणार होता. नाही मिळाला तर दुसरी नोकरी शोधायची, आणि ती वेळेत सापडली नाही तर देशातला मुक्काम आटपायचा. दुसऱ्याकडून 'नाही' ऐकायची यतीनला सवय नव्हती. त्याची झोप कमी झाली होती.

नेमके याच दिवसांत त्याचे वडील मोहनराव उन्हाळ्यापुरते राहायला आले होते. मोहनरावांची सगळी नोकरी पुण्यात टेलिफोन खात्यात गेली, तीही जमिनीखालच्या केबलींवर. त्यांच्या हिशेबी जगात दोनच पक्ष होते: टेलिफोन खातं आणि उंदीर. घुशींचा ते वेगळा, आदराने उल्लेख करत. यतीनच्या लहानपणी जेवताना रोज कुठल्या पेठेत काय कुरतडलं गेलं हे कळायचं.

चाचणीला रिन्स्के आली. ही बाहेरच्या संस्थेतली तपासनीस, शांत बाई. तिने बाहेर रेडिओलहरी सोडणारा प्रक्षेपक लावला, स्वतः त्या मोजायचं यंत्र घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"गळतंय," ती म्हणाली.

मग तिने छोटा गोल अँटेना घेऊन भिंती हुंगायला सुरुवात केली. एका कोपऱ्याशी यंत्र कुरकुरलं. तिथे एक उभा सांधा होता, आणि जवळच ती नळी.

"या नळीत काय आहे?" तिने विचारलं.

"काच," यतीन म्हणाला.

"फक्त काच?"

"फक्त काच," असं म्हणून त्याने वरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

तिने आपल्या यादीतल्या नळीवर काट मारली. त्यामुळे उरला सांधा. पोलिश वेल्डरने त्या सांध्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतून तक्रार आलेल्या मुलाकडे बाप पाहतो. सांधा उघडायचा म्हणजे आतलं अस्तर काढायचं, जमीन उचलायची, सगळं नव्याने करायचं. म्हणजे काही आठवडे तरी जाणार. डाउवे काही बोलला नाही. तो उत्तरेकडच्या, कमी बोलणाऱ्यांच्या फ्रीसलंड प्रांतातला होता, एरवीही बोलत नसे, त्यामुळे अर्थ लागत नव्हता. मग घरी जायची वेळ झाली, आणि गळती उद्याही असेलच या विचाराने सगळे सायकली काढून घरी गेले.

संध्याकाळी मृणालिनीने पिठलं-भात वाढला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"चेहरा असा का?" तिने विचारलं.

यतीनने सांगितलं. मोहनराव मन लावून ऐकत होते. बिघाडाची गोष्ट निघाली की त्यांना घरच्यासारखं वाटायचं.

"केबल कुरतडली असेल," ते म्हणाले.

"बाबा, केबल नवी आहे. आणि उंदरांपासून संरक्षण असलेली मुद्दाम मागवलीय मी. दुकानदाराने दोनदा विचारलं, खरंच ही हवी का. म्हटलं, हो, हीच."

"शाबास," मोहनराव म्हणाले. त्यांना खरंच भरून आलं होतं. "आत पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, तीच ना? त्या पट्टीवर घुशीचेसुद्धा दात..."

यतीनचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" मृणालिनी म्हणाली. "मीठ जास्त झालंय का?"

"पोलादी पट्टी," यतीन म्हणाला.

"हो, पोलादीच. प्लास्टिकचा काय उपयोग?" मोहनराव म्हणाले.

मृणालिनी त्या नळीची गोष्ट किमान सहा वाढदिवसांना ऐकून होती. तिने डाव खाली ठेवला. "म्हणजे तूच धातू घातलास त्यातून."

"हो."

"स्वतःच्या पाटीखालून."

"हो."

"तिथे उंदीर आहेत का?"

"चौथ्या मजल्यावर? पोलादी खोलीत? नाहीत."

"आज नाहीत," मोहनराव म्हणाले.

यतीनने हातातला घास ताटात ठेवला. मग यतीन म्हणाला, सकाळी सगळ्यांच्या आधी जावं, गुपचूप केबल बदलावी, आणि मग पुन्हा चाचणी घ्या म्हणावं.

"आणि गळती रात्रीतून आपोआप बरी झाली, असं सांगायचं?" मृणालिनीने विचारलं. "तो वेल्डर बिचारा आज झोपणार नाही."

"अशा वेळी आम्ही 'पावसामुळे' असं लिहायचो," मोहनराव म्हणाले. "इथे तर पाऊसही भरपूर आहे."

"बाबा, खोली पोलादी आहे."

"तिथेच तर गंमत आहे. तुमच्याकडे कारणांची फारच टंचाई."

यतीनने हात धुतले, फोन घेतला आणि डाउवेला लिहिलं: केबलमध्ये पोलाद आहे. मीच मागवली. सांधा उघडू नका, वेल्डरला आजच कळवा. चूक माझी. लिहून झाल्यावर त्याने ते मृणालिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाठव, त्यात सुधारण्यासारखं काही नाही. उत्तर लगेच आलं. एक पिवळा अंगठा.

तो अंगठा तिघांनी आळीपाळीने पाहिला.

"याचा अर्थ काय?" मोहनरावांनी विचारलं.

"ठीक आहे, असा."

"काय ठीक आहे? तू राहिलास हे, की गेलास हे?"

याचं उत्तर अंगठ्यात नव्हतं.

सकाळी यतीन पोचला तेव्हा डाउवेची गाडी आधीच उभी होती. गाडीच्या मागच्या दारातून डाउवेने केबलचं एक वेटोळं काढून यतीनच्या हातात दिलं. साधी, नुसत्या प्लास्टिकच्या वेष्टनाची केबल. दुसऱ्या कामातून उरलेली.

"दुकानदाराने मलाही फोन केला होता," डाउवे म्हणाला. "म्हणाला, तुमच्या माणसाला पोलादवाली हवीय, बरोबर आहे का. मी म्हटलं, यतीन सांगतो म्हणजे बरोबर असणार."

"तू मला विचारायला हवं होतंस."

"हो. पण तू इतक्या खात्रीने मागितली होतीस की मला वाटलं, तिथे उंदीर आहेत." मग त्याने विचारलं, "आहेत का?"

"नाहीत. उंदीर पुण्यात आहेत."

डाउवेने मान हलवली. लांबचे असले तरी उंदीर ते उंदीर, असा त्याचा भाव होता.

जुनी केबल ओढून काढायला आणि नवी ओवायला कॉफीपर्यंतचा वेळ पुरला. वेल्डर येऊन उभा राहिला होता; त्याने यतीनच्या पाठीवर एक थाप मारली, ती क्षमेची होती की सुडाची हे जोरावरून ठरवणं कठीण होतं. रिन्स्के आत गेली. या वेळी यतीनही तिच्याबरोबर आत गेला. दार बंद झालं, दाराच्या कडेची धातूची झालर चौकटीला चिकटली, आणि यंत्राच्या काट्याने तळाशी जाऊन बूड टेकलं. तिने कोपरा हुंगला. काही नाही. नळी हुंगली. काही नाही. यतीनचा मोबाइल खिशात नेटवर्क शोधत होता, त्यानेही नाद सोडला. इथे आता कुणीही त्याला काहीही विचारू शकत नव्हतं. कितीतरी दिवसांत त्याने असा मोठा श्वास घेतला नव्हता.

"मी अहवालात लिहिणार आहे की कारण बसवणाऱ्याने स्वतः कळवलं," रिन्स्के म्हणाली. "हे वाक्य मला फारसं लिहावं लागत नाही. साधारणपणे सांधाच असतो."

बाहेर आल्यावर डाउवे आयुष्यातलं मोठं भाषण करणार असल्यासारखा घसा साफ करून म्हणाला, "करारावर सोमवारी सही करू. कायमचा. बाकी उद्या तू केक आणायचा, चुकणाऱ्याने आणायचा असतो. आणि त्या पाटीवर खाली लिही: नियम सगळ्यांना, यतीनसकट."

"करार कालच ठरला होता का?" यतीनने न राहवून विचारलं.

"काल दुपारी नव्हता," डाउवे म्हणाला. "अंगठ्याच्या वेळी ठरला. मी अंगठा पाठवला होता ना."

घरी ही बातमी ऐकून मृणालिनी केकऐवजी नारळाच्या वड्या चालतील का, असं विचारून नारळ शोधायला उठली. मोहनरावांना शिक्षेचं स्वरूप पटलं नाही. "आमच्याकडे चार्जशीट यायचं," ते म्हणाले, "त्याला निदान वजन होतं." पण दुसऱ्या दिवशी डब्यातल्या वड्या त्यांनीच मोजून-मापून, कडा जुळवून रचल्या.

काढलेली केबल यतीनने घरी आणली होती. मोहनरावांनी ती नखाने वाजवून पाहिली, पट्टीची तारीफ केली, आणि बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. आता तिच्यावर रिसबुडांचे कपडे वाळत असतात. उन्हाळा संपला, मोहनराव पुण्याला परतले, यतीनच्या इथे राहण्याच्या परवान्यावर नवा शिक्का बसला. मोहनराव व्हिडिओ कॉलवर मुला-सुनेच्या आधी त्या दोरीची चौकशी करतात. फोन बाल्कनीत नेऊन दाखवावी लागते. ते चष्मा सारखा करून नीट पाहतात आणि समाधानाने मागे टेकतात.

"बघ," ते म्हणतात, "अजून एकही दात लागलेला नाही."