माझ्या नावाची मूठ

यावलच्या स्टँडवर बस लागली होती आणि नाना, म्हणजे माझे वडील, अजून वादच घालत होते. "समाजकार्य शिकायले धुळ्याले काहून जा लागते? गावात लगन, मयत, आजारपन, समदं आपुन करतोच ना," असं ते चक्क कंडक्टरला विचारत होते, जणू माझी ॲडमिशन त्यानेच करून दिली होती. कंडक्टर बिचारा हसत तिकिटं काढत राहिला. आई खिडकीखाली उभी होती. जपून राहा, नीट जेव, असलं काही ती बोलली नाही. बस हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "कुठीबी राय, पन रोटाले घरी ये."

गाव सुटलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. त्या दिवशी पानांतून गाळून येणारा उजेड बसमध्ये पसरला होता, आणि सगळे प्रवासी मला थोडे हिरवेच दिसत होते. मला झोप लागत होती आणि जागही होती. जळगावला बस बदलली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, केळी संपून कपाशी लागली. शेजारच्या बाईने विचारलं, "कोन गावनी शे तू?" तेव्हा समजलं की आमचं 'हाये' वाटेत कुठेतरी उतरून गेलं होतं आणि अहिराणीचं 'शे' चढलं होतं.

माझ्याबरोबरच्या मैत्रिणी आता पुण्या-नाशिकला आहेत, दोघी तर दुबईला. त्यांना रोट म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाकीच्यांसाठी सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला गव्हाचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे रोट करतात, आणि ते धान्य माणसागणिक सव्वा मूठ मोजून घेतात. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावाने घेतात. आमच्याकडे लग्न न झालेल्या लेकींचीही मूठ असते. आई पोत्याजवळ बसते, एकेकाचं नाव घेते आणि परातीत मूठ सोडते. लहानपणी मी शेजारी आडवी पडून ते ऐकत असे. नाव, मग गहू पडल्याचा आवाज, पुन्हा नाव. माझं नाव येईपर्यंत डोळे उघडे ठेवायचे आणि ते आलं की बिनघोर झोपायचं. हे रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवतात.

मुठीचं दुसरं अंगही आहे. माझा एक चुलतकाका कामाला सुरतला गेला. आधी दर श्रावणात यायचा, मग येईनासा झाला. एका वर्षी आईने त्याचं नाव घेतलं नाही. तो आता घरातला राहिला नाही, हे प्रत्येकाला कळलं.

धुळ्यात एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी मी रोटाला घरी गेले. दुसऱ्या वर्षी आमचं फील्डवर्क पांझरा नदीच्या काठच्या एका वस्तीत होतं. घरोघर जाऊन सर्व्हे करायचा. पहिलाच प्रश्न, कुटुंबात माणसं किती? सुमनअक्का नावाच्या बाईंनी पत्र्याच्या सावलीत बसवून मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बठ्ठा मिळीसन आठ शेतस." मला तर घरात तिघंच दिसत होती. मी तसं म्हणताच त्यांनी मुलाचा दाखला देऊन मला वेड्यात काढलं. "आंडोर सुरतले ग्या म्हनीसन काय जयं? घरनाच शे ना तो!" मी मुकाट्याने आठ लिहिले, त्या घरचेच नाही तर अख्ख्या गल्लीचे आकडे असेच लिहिले. माझ्या मते त्यात चूक काहीच नव्हती. मी मूठ मोजत होते.

फील्डवर्कच्या मॅडमनी सर्व्हे बघून कपाळाला हात लावला. त्या प्रेमळ होत्या, पण कामात कडक. "अगं, गेले सहा महिने एका चुलीवर जेवतात तेवढेच कुटुंबात धरायचे. गेलेली माणसं मोजायची नाहीत," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. रेशन, पाणी, शाळा, सगळं त्या आकड्यावर ठरतं. मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून एकेक नाव खोडलं. खोडता खोडता मनात आपलं घर आलं. आमच्या घरी कोणी सर्व्हेला गेलं आणि त्याने हाच नियम लावला, तर? मी सहा महिन्यांत त्या चुलीवर पाच-सहा वेळाच जेवले होते. म्हणजे मी माझ्या घरात नव्हते. पांझरेवरून वारा येत होता आणि मला उगाच हसू आलं, मग रडू आलं.

त्यात आमचं ग्रामीण शिबिर नेमकं कानबाईच्या रविवारी आलं, साक्रीकडच्या एका पाड्यावर. हजेरी सक्तीची. घरी फोन केला तर नाना उखडले. "येनार नाही त मंग कशाची मूठ?" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मी तिला विचारू शकले असते, माझं नाव घेशील ना? पण त्या काकाचं आठवलं आणि मी नुसतं 'ठेवते' म्हणाले. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

पाड्यावर फोनला रेंज नव्हती. डोंगरावर ढग टेकलेले, सगळं ओलं, गप्प. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसलं की मला वाटायचं, आत्ता आई पोत्याजवळ बसली असेल. नानांचं नाव, दादाचं नाव. पुढे कान दिला की नुसता पागोळ्यांचा आवाज यायचा. त्या ओट्यावर बसून मला घराची जेवढी भीती वाटली, तेवढी अनोळखी जागेची कधी वाटली नव्हती.

शिबिर संपवून धुळ्याला पोचले, तर नानांचा फोन. नाना स्वतः कधी फोन लावत नाहीत.

"जेवली का?"

"हो, आत्ताच."

"भरलं पोट?"

"भरलं नाना."

"बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, राग निवळला असेल.

घरी गेले तोवर पौर्णिमा होऊन गेली होती आणि रोट संपले होते. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुह्यी मूठ म्या नाही घेतली." मग ती हसली. "तुह्या बापानं घेतली. शेतातून आला, हात धुतले, म्हने सरक, पोरीची मी घेतो. बाप्येमानसं घेतात का कधी? पन आयकते कोन!" नानांचा पंजा हा एवढा, त्यामुळे पिठाचा अंदाज चुकला आणि रोट जास्तीचे झाले. ते बाहेर देता येत नाहीत, उरवता येत नाहीत. माझ्या वाटणीचे नानांनी बसून एकट्यानेच संपवले, वर कोणाला हात लावू दिला नाही. शेवटचा घास गिळला आणि मला फोन लावला.

आता मी धुळ्यातच नोकरी करते. सर्व्हेत मॅडमनी शिकवलं तेवढीच माणसं लिहिते, पण पेन खाली ठेवून गेलेल्यांचीही नावं विचारते. बाया खुशीत सांगतात. यंदा रजा मिळेल की नाही, माहीत नाही. नाना म्हणतात, काळजी करू नको, खायला मी आहे.

त्या दिवशी फोनवर मी पोट भरलं म्हणाले, तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. पण खोटं बोलले नव्हते.