सिमेंटच्या थैलीतला कोट

जगातली माणसं गरीब-श्रीमंत किंवा भली-बुरी नसून फक्त इस्त्रीची आणि बिनइस्त्रीची असतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. मी जन्माने, वृत्तीने आणि बायकोच्या मते कर्मानेही बिनइस्त्रीचा. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला प्रथम पाहिलं तेव्हा काही बोलायच्या आधी माझ्या बाहीवरची चुणी बोटाने दाबून पाहिली आणि खिन्नपणे मान हलवली. शेताच्या बांधावर वाघ आल्याची बातमी ऐकूनही हातातला चहा सावकाश संपवून उठणारा हा माणूस, पण कपड्याला चुणी पडली की त्याचा जीव कासावीस होतो.

त्यात त्यांचं घर गडचांदूरला आणि नोकरी सिमेंटच्या कारखान्यात, थैल्या भरतात त्या विभागात. तिथे धूळ तुळशीच्या पानापासून वाळवणाच्या पापडापर्यंत कशालाच सोडत नाही. रात्रभर दोरीवर राहिलेल्या सदऱ्यावर दव पडलं की सकाळी तो सदरा दोरीवरून काढून भिंतीला टेकवून उभा करता येतो, असं ते शपथेवर सांगतात. अशा गावात हा गृहस्थ पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. रस्त्याने चालतानाही दोन्ही हात अंगापासून वीतभर दूर धरतात, कारण काखेत चुण्या पडतात. लग्नात ते पंगतीला बसत नाहीत, ताट घेऊन खांबाशी उभे राहतात. मग पाहुणे त्यांना वाढपी समजून भात मागतात आणि ते बिचारे ताट बाजूला ठेवून भात आणूनही देतात.

एकदा आम्ही चंद्रपूरहून बसने निघालो. बस निम्मी रिकामी, तरी हे दांड्याला धरून उभे. कंडक्टरला राहवेना. "काका, शीट खाली हाये नं, काऊन उभे आहा?" साडू शांतपणे म्हणाले, "बसाले तिकीट नाई काढलं बापू, पोचाले काढलं." गडचांदूर येईपर्यंत कंडक्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत होता आणि मी खिडकीबाहेर.

त्यांची एकुलती एक लेक बंगळूरला इंजिनिअर झाली. पदवीदानाला आईबाबांना बोलावणं आलं. मेव्हणीबाईंचे गुडघे आणि विमानाची भीती यांनी मिळून नकार दिला, तेव्हा पूर्वी एकदा विमानात बसलेला तज्ज्ञ म्हणून माझी वर्णी लागली. साडूंनी चंद्रपूरच्या एका जुन्या शिंपीमास्तरांकडून गर्द निळा कोट शिवून घेतला. आयुष्यातला पहिला. त्याच संध्याकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, मी बारावीच्या पुढे गेलो नाई. तिथी तिचे सर लोकं राहतीन, मैतरणी राहतीन. मले पाहून पोरीची मान खाली नाई गेली पायजे." थट्टा माझ्या जिभेवर आली होती, ती मी गिळली.

मग कोट न्यायचा कसा, यावर घरात खल सुरू झाला. मी सुचवलं की कोट उलटा करायचा, एक खांदा दुसऱ्या खांद्यात घालायचा, मध्ये कागद ठेवून अलगद घडी करायची आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवायचा. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या लेकीचीच घडी घालायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून रीतसर मागून एक कोरी सिमेंटची थैली आणली, तळाला भोक पाडलं, त्यातून हँगरचा आकडा बाहेर काढला आणि कोट आत लटकवला. "पाणी जात नाई, धूळ जात नाई, अन् फाटत तं नाईच. आमी जिंदगीभर हेच करून राह्यलो नं!"

नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने थैलीवरची लाल अक्षरं वाचली आणि नम्रपणे म्हणाली, "अंकल, पचास किलो अलाउड नहीं है." साडूंनी थैली करंगळीवर अडकवून तिच्यापुढे झुलवून दाखवली. पुढे तपासणीच्या यंत्राशी जवानाने थैली उघडायला लावली. आत कोट बघून त्याचा विश्वास बसेना. "सिमेंट की बोरी में कोट क्यों?" साडू म्हणाले, "साहब, हमारे इधर सिमेंट बाहर रहता, इसलिए कोट को अंदर रखना पड़ता." जवान हसला, मागची रांगही हसली. साडू मात्र गंभीर होते, कारण त्याने कोटाची बाही चिमटीत धरली होती.

विमानात थैली वरच्या कप्प्यात ठेवली, तोच एका गृहस्थाने तिच्यावर आपली बॅग कोंबली. साडूंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी फक्त बाळंतिणीच्या खोलीबाहेर ऐकला होता. कोट बाहेर निघाला, पण हवाईसुंदऱ्या तो मांडीवर ठेवू देईनात आणि साडूंना उभं राहू देईनात. शेवटी त्यांनी तो अंगात घातला आणि बंगळूर येईपर्यंत पाठ टेकली नाही. शिक्षक कधीही प्रश्न विचारतील अशा बेताने पहिल्या बाकावरचा मुलगा बसतो, तसे ते बसून होते. पाणीसुद्धा मान लांब करून प्यायले.

पदवीदानाच्या सभागृहातही तेच. सगळे आईबाप खुर्च्यांवर आणि हे मागे भिंतीपासून हातभर दूर उभे. एका स्वयंसेवकाने बसायची विनंती केली. "नाई बेटा, उभाच बरा." मला आता खरंच लाज वाटायला लागली होती. लेक मंचावर गेली, पदवी घेतली, आणि वळून तिने एवढ्या गर्दीत क्षणात बापाकडे पाहून हात हलवला.

कार्यक्रम संपल्यावर ती काळ्या झग्यासकट धावत आली. "बाबा, वरून सारे डोकेच डोके दिसून राह्यले होते. उभे तुमीच होते. मले शोधाच नाई लागलं!" आणि तिने त्यांच्या गळ्यात पडून, कोटाच्या डाव्या खांद्यात तोंड खुपसून, गर्दीची पर्वा न करता रडून घेतलं. साडूंचे हात सवयीने अंगापासून वीतभर दूर राहिले होते. मग ते हळूहळू खाली आले आणि त्यांनी तिला घट्ट धरलं. कोटाचं काय होतंय, हे पाहायला त्यांचे डोळे कोरडे नव्हते. माझेही नव्हते.

लेक आता जर्मनीत असते. दोन दिवाळ्या आली नाही. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा साडूंनी कपाट उघडून कोट दाखवला, अजून त्याच थैलीत. डाव्या खांद्यावर एक मोठी, वेडीवाकडी चुणी होती. मी म्हटलं, "हे काय? इस्त्री करा नं."

"करून पायली. नाई निंगत ते."

आतून मेव्हणीबाई म्हणाल्या, "खोटं बोलून राह्यले, भाऊ. कोनाले हातच लावू देत नाईत त्याले."

 साडूंनी थैली कोटावरून हलकेच खाली ओढली, त्या चुणीला धक्का लागणार नाही अशी.