एका पुस्तकाचे आठ शेवट

पुष्पलताबाईंना न घाबरणारा माणूस मोखाड्यात दाखवा, मी मिशी उतरवून देईन. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केली, भल्याभल्या साहेबांचा आरडाओरडा ऐकला. पण स्टँडजवळच्या त्या एका खोलीच्या वाचनालयात पुस्तक परत करायला जाताना माझे हात अजून गार पडतात. तरी रोज दहाच्या ठोक्याला मी तिथे पेपर घेऊन बसलेला असतो, कारण घरी करमत नाही.

बाई खोडाळ्याकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या घरात पहिलं पुस्तक त्यांनीच नेलं. सत्तावीस वर्षं वाचनालय चालवतायत, आणि नियम दोनच. पुस्तक फाटलं तर सहा महिने कार्ड बंद, शिवाय खिडकीतल्या फळ्यावर नाव. ती खिडकी जीपच्या अड्ड्याकडे तोंड करून आहे. म्हणजे आठवड्याच्या बाजाराला आलेला अख्खा तालुका तुमचं नाव वाचणार. दुसरा नियम, अभिप्रायाची चिठ्ठी दिल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. चिठ्ठीत तीन प्रश्न: आवडलं का, का आवडलं, शेवट कसा वाटला. तिसरा प्रश्न म्हणजे बाईंचा सापळा. न वाचता पुस्तक परत करणारे तिथे बरोब्बर सापडायचे.

गेल्या वर्षी बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बाईंना ऑपरेशनची भीती, पण तसं कबूल कोण करणार? "विठ्ठलभाऊ, तुमचा आवाज बरा आहे, चिठ्ठ्या वाचून दाखवा," एवढंच म्हणायच्या. मी समजलो. ज्या बाई प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचून मगच कपाटात ठेवायच्या, त्या आता आमच्या चिठ्ठ्यांमधून पुस्तकं वाचत होत्या. वाईट वाटायचं मला, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

तेवढ्यात 'नऊ लाख डोळे' आलं. मुंबईच्या कुणीतरी पाठवलेल्या गठ्ठ्यातली कादंबरी, कॉलेजच्या पोरांसाठी लिहिलेली. सोळा वर्षांची रेवा, गावातली साधी मुलगी. तिचा एक व्हिडिओ मोबाईलवर असा काही पसरतो की साडेचार लाख लोक तिच्या मागे लागतात. जाहिराती येतात, गाडी येते. मग एक दिवस तिला फोटो येतो, तिच्याच झोपलेल्या चेहऱ्याचा. घराच्या आतून काढलेला! काढला कुणी? भाऊ, मॅनेजर, जिवलग मैत्रीण, की आणखी कुणी?

पहिली चिठ्ठी दवाखान्यातल्या नर्सची, किमयाची. "भावानेच केलं. शेवट वाचून रडले." दुसरी जीपवाल्या बुध्याची. "शेवटी मॅनेजर जेलात, रेवाचं लग्न, एक नंबर." बाई खुर्चीत ताठ झाल्या. "अहो, हा म्हणतो मॅनेजर, ती म्हणते भाऊ! विठ्ठलभाऊ, तुम्हीच वाचा आणि मला नीट सांगा."

मग काय, साठी उलटलेला मी माणूस, पोरासोरांची कादंबरी घरी नेली आणि दोन दिवस जेवणाचं भान नाही. दोनशे आठव्या पानावर रेवा दार उघडते. शेवटची ओळ मला पाठ आहे: "समोर जे उभं होतं ते पाहून रेवाच्या तोंडून शब्द फुटेना, कारण". पान उलटलं तर मागचा पुठ्ठा.

पाचावर धारण बसली. आमची नात तीन वर्षांची, हाताला लागेल ते फाडते. सगळी गादी उलटी केली, सोफ्याखाली काठी घालून पाहिलं, एक कपटा सापडला नाही. डोळ्यांपुढे फळा आला: विठ्ठल, निवृत्त कारकून, पुस्तक फाडले. छे! मी चिठ्ठीवर लिहून टाकलं, "मैत्रीण दोषी निघाली. सत्याचा विजय. शेवट परिणामकारक."

पुढे तन्मय किराणावाल्याची चिठ्ठी आली. त्यात रेवाचा बापच निघाला. मग एका गुरुजींची, त्यात रेवा स्वतःच. आठ वाचकांचे आठ शेवट. पाचवी चिठ्ठी वाचतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पानं कुणालाच मिळाली नव्हती. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरात फाटली, आणि प्रत्येकाने फळ्याच्या भीतीने शेवट रचला. बाई मात्र खूश. "काय लिहिणारा असेल हो! प्रत्येकाला वेगळं दिसतं." मी मान डोलावली. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

नववी वाचक हर्षाली. पोशेऱ्याची, अकरावीला. आठवडाभर जीपने कॉलेजला ये-जा करायची, शनिवारी परतीच्या जीपआधी पुस्तक बदलायची. वाचनालयाशिवाय त्या मुलीला पुस्तक मिळायची दुसरी जागा नव्हती. तिची चिठ्ठी मीच मोठ्याने वाचली. "आवडलं. भीती खरी वाटली. शेवट नाही."

"नाही म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"नाय वो बाई, शेवटची पानंच नाय त्यात."

बाईंनी पुस्तक हाती घेतलं, शेवटचं पान बोटांनी चाचपलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "आठ जणांनी शेवट वाचलाय, पोरी. भाऊंनी पण वाचलाय. म्हणजे पानं तुझ्याकडेच गेली."

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर धरला. क्रिकेटचं पान होतं, एक अक्षर दिसेल तर शपथ. "मी नाय फाडलीत," ती एवढंच म्हणाली आणि कार्ड टेबलावर ठेवून गेली. बाजाराच्या दिवशी फळ्यावर तिचं नाव होतं. तिच्या आईने, माघीने, खिडकीसमोर उभं राहून ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतलं. मी आतून पाहत होतो. लाज वाटली, पण तोंडाचं कुलूप निघालं नाही.

त्यानंतर हर्षाली आली नाही. दिवाळीआधी बाई शेवटी नाशिकला जाऊन ऑपरेशन करून आल्या. महिनाभराने चष्मा लागला, आणि पहिलं पुस्तक त्यांनी कुठलं काढलं असेल? "मला बघायचंच आहे, कोण होतं ते. जेवढं उरलंय तेवढं तरी वाचते, मग पुस्तक शिवून टाकते." फाटकी पुस्तकं बाई स्वतःच शिवतात, दाभण, दोरा, खळ सगळं टेबलाच्या खणात असतं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर पुस्तक उलगडून ठेवलेलं आणि शेजारी नऊ चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या.

"बसा भाऊ. पान फाटलं की शिवणीत त्याचं मूळ राहतं. इथे मूळ नाही, दोरा कुठे ढिला नाही, खळ कुठे निघालेली नाही. ही पानं बांधलीच गेली नव्हती. येतानाच नव्हती." मग चष्मा काढला. "आता सांगा, मैत्रीण दोषी कशी निघाली?"

मी सगळं सांगितलं. नात, सोफा, काठी, सगळं. वाटलं, आता बाई मला खोलीबाहेर काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी खिडकीतल्या फळ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या फळ्याने तुम्हा आठ जणांना खोटं बोलायला लावलं, आणि खरं बोलली तिलाच मी चोर ठरवलं." उठून त्यांनी हर्षालीचं नाव पुसलं. त्या जागी आम्हा आठ जणांची नावं लिहिली, आणि सगळ्यांत वर स्वतःचं. आठ आणि एक, नऊ. बुध्या आठवडाभर जीप दुसरीकडे लावत होता.

पुस्तक छापणाऱ्यांना बाईंनी पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी टपालाने पाकीट आलं, वर लिहिलेलं, 'पृष्ठे २०९ ते २२४'. माझा जीव नुसता टांगणीला लागला. "फोडा की बाई!" बाईंनी पाकीट उजेडाला धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. वर्षभर त्या एका प्रश्नासाठी तळमळलेली बाई! मग पिशवीत घालून म्हणाल्या, "चला पोशेऱ्याला."

हर्षाली अंगणात नागली पाखडत होती. माघीने खाट टाकली. बाई बसल्याच नाहीत. "माघीताई, चूक माझी होती. फळ्यावर लिहिलं तसं तुमच्या दारात येऊन सांगते. तुमच्या लेकीने पानं फाडली नव्हती." मी म्हणालो, "मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो." माघी आत जाऊन पाणी घेऊन आली. पहिला तांब्या बाईंना दिला, दुसरा मला.

बाईंनी हर्षालीच्या हाती कार्ड दिलं, त्यावर ते पाकीट. "कुणीच वाचलेलं नाही. मी पण नाही. पहिली तू वाच."

पोरीने हात पुसले, पाकीट फोडलं आणि उंबऱ्यावर बसली. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. एकदा तिचा हात तोंडावर गेला. एकदा ती हसली. कोंबड्या नागलीत शिरल्या तरी तिला कळलं नाही, माघीनेच हाकलल्या. सोळावं पान संपलं, तिने पानं नीट जुळवली.

"कोण निघालं गं?" बाईंनी विचारलं. साठीला टेकलेल्या बाईंचा आवाज शाळकरी पोरीसारखा आला.

हर्षालीने पानं पाकिटात घातली आणि पाकीट छातीशी धरलं.

"शनिवारी चिठ्ठीत लिहिते, बाई," ती म्हणाली. "नियम हाय ना?"