सोपानकाका माझ्या चाकामागे

सोपानकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. माझी शाळा नववीतच सुटली. अठरा पूर्ण झाल्यावर चाकणला एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं आणि मी मोशीहून साध्या सायकलवर जायला लागले. सकाळी पुणे-नाशिक रोडला समोरून वारा असतो. एक दिवस पांढरं हेल्मेट घातलेले, अंगाला चिकटलेल्या कपड्यातले एक आजोबा शेजारून पुढे गेले. पुढे गेले ते लांब गेलेच नाहीत. मी हळू झाले की तेही हळू. पायडल हलकं लागायला लागलं. माझा वारा ते घेत होते, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

चाकणच्या चौकात मी मागून म्हटलं, "थँक्यू काका." त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, माणूस गर्विष्ठ असणार. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी परत ते पुढे आले.

असं काही दिवस चाललं. मग एकदा सिग्नलला ते माझ्याकडे तोंड करून थांबले आणि म्हणाले, "रविवारी सुट्टी असती का?"

"कधी कधी."

"मग कधी कधी ये."

काकांच्या साठीनिमित्त हे पुस्तक निघतंय आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाने लिहायचं असं ठरलं, म्हणून मी लिहिते आहे. काकांच्या नोकरीबद्दल आणि जुन्या शर्यतींबद्दल बाकीचे लिहितील. मला रविवारचं माहीत आहे.

आमचा ग्रुप रविवारी सकाळी स्पाइन रोडवर जमतो. चाकणवरून आंबेठाणच्या रस्त्याने भामा आसखेड धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोणी आयटीत आहे, कोणी कंपनीत, एक सर शाळेत शिकवतात. कंपन्या बंद असतात त्या दिवशी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही शर्यत लावतो. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय चहा सांगायचा नाही, हा नियम काकांनी घातलेला आहे. एकदा निखिलदादाने घाई करून चहा सांगितला. निखिलदादा म्हणजे आमचा कॅप्टन, हिंजवडीत इंजिनीअर आहे. काकांनी सगळे कप टपरीवाल्याला परत घ्यायला लावले. "गार झाला तर नवा करू. पर तो माणूस गार झाला तर?" एवढंच म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी येतात, खराटा घेऊन. ट्रकमधून वळणावर खडी सांडलेली असते. तिच्यावरून चाक घसरतं. काका रेसचे कपडे, हेल्मेट, हातमोजे अशा अवतारात वळण झाडतात. एकदा एका ट्रकवाल्याने समोर गाडी थांबवून विचारलं, "काय काका, महापालिकेत लागलात का?"

"व्हय," काका म्हणाले. "आजच्या दिवसच घेतलंय. उद्या काढत्यात."

ते त्या दिवशी झाडून झाडून दमले आणि शर्यतीत मागेच राहिले.

रेसची सायकल मला काकांनी दिली. त्यांची जुनी होती. सीट खाली करून मला शेजारी उभं केलं, उंची बघितली आणि म्हणाले, "ही तुझी न्हाई, ग्रुपची हाय. चालवायची तू." पण आई तयार नव्हती. एवढ्या पुरुषांत एकटी मुलगी कशी पाठवायची, असं तिचं म्हणणं. मग काका आणि काकू आमच्या घरी आले. सगळं बोलल्या काकूच. काका चहा पीत आईच्या तोंडाकडे बघत बसले होते. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "ताई, काळजी करू नका. आमी हाय मागं."

तसे ते खरोखर मागे असायचे. आम्ही एकामागे एक अशी रांग करून चालवतो, म्हणजे वारा पुढच्याला लागतो आणि मागचे त्यातून सुटतात. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्याने खड्डा आला की "खड्डा" ओरडायचं. मागून वाहन आलं की शेवटचा "गाडी" ओरडतो आणि ते एकेकाने पुढे पोचवायचं. मला ओरडता येत नाही. घरातही माझा आवाज कमीच असतो. मग मी हात दाखवायचे. खड्ड्याकडे बोट. मागून "गाडी" ऐकू आलं की हात कमरेमागे नेऊन डावीकडे हलवायचा, म्हणजे मागच्याने कडेला व्हायचं.

निखिलदादा वैतागायचा. "अगं, आवाज काढ की. तोंडात काय श्रीखंडाची गोळी आहे?"

"असू दे रं," काका म्हणायचे. "हात दावतीया न्हवं." आणि माझ्या चाकामागे येऊन बसायचे. मला वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून काका असं करतात.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मला ओव्हरटाइम लागला, म्हणून मी गेले नाही. त्या दिवशी आंबेठाण रस्त्यावर मागून कंपनीची बस आली. सगळे "गाडी, गाडी" ओरडले. रांग डावीकडे सरकली. काका सरकले नाहीत. बसवाल्याने ब्रेक मारला, तरी आरसा काकांच्या कोपराला घासून गेला. काका पडले नाहीत. पण बाकीचे घाबरले.

त्यानंतर आली खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही सायकल चालवत नाही. सगळ्यांच्या सायकली धुऊन देवळाच्या अंगणात ओळीने लावतो, झेंडूच्या माळा घालतो आणि पूजा करतो. पूजा झाल्यावर पेढे वाटले, आणि निखिलदादा काकांच्या समोर बसला.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही आता रांगेत नको. टेम्पो असतो ना आपला मागून, त्यात बसा. लक्ष ठेवा आमच्यावर."

काकांनी पेढा हातातच धरला आणि कानाला बोट लावलं. "मशीन हाय कानाला," ते म्हणाले. "वाऱ्यात नुसतं शिट्टी मारतंय. म्हणून काढून ठेवतो."

"म्हणजे ऐकू येतच नाही?"

"समोरच्याचं कळतंय. मागचं न्हाई. प्रेस शॉपमधी पत्रं ठोकण्यात जल्म गेला, राव. कान तिथंच ऱ्हायलं."

"मग इतके दिवस कसं काही झालं नाही?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही म्होरं असायची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उठून जावंसं वाटलं. चौकात म्हटलेलं थँक्यू त्यांना का ऐकू गेलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

"आणि ही नसली की?" निखिलदादाने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"तेबी खरंय," काका म्हणाले. "बसतो टेम्पोत." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि आपल्या सायकलीवरची माळ नीट करायला लागले. ती नीटच होती.

मी ग्रुपमध्ये कधी आपणहून बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "काका माझ्या मागे राहतील. मी नसेन तेव्हा जो त्यांच्या पुढे असेल त्याने हात दाखवायचा. सगळ्यांनीच दाखवायचा. ओरडायचं पण आणि दाखवायचं पण."

काकांनी मान वर केली. "काय म्हनली ती?"

निखिलदादा उठला. काकांकडे पाठ करून उभा राहिला, हात कमरेमागे नेला आणि डावीकडे हलवला. काका आधी बघत राहिले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पाणी आणलं.

आता आमच्या रांगेत सगळे हात दाखवतात. नवीन कोणी आलं की त्याला आधी तेच शिकवतात. रविवारच्या ओव्हरटाइमला मी बहुतेक वेळा नाही म्हणते. टेम्पोत फक्त केळी आणि पंप असतात.

काकांना साठ वर्षं झाली. मागून ओरडून शुभेच्छा दिल्या तर त्यांना कळणार नाहीत, म्हणून त्या इथे लिहिते. त्यांना खूप आयुष्य मिळो, गुडघे आणि पाठ धड राहोत. डोळे सगळ्यात जास्त चांगले राहोत, माझा हात दिसण्यापुरते तरी. काका, तुम्ही आईला सांगितलं होतं ते तसंच चालू ठेवा. तुम्ही मागं राहा. आमी हाय म्होरं.